अकरा मिनिटं, वीस सेकंद

बटण दाबलं की पंखा घुमतो,
पडद्यावर ठिपक्यांचा गोल फिरत राहतो,
आणि शालन म्हणते, "मी तवर कणीक मळून येतो."

रविवारी मी घड्याळ लावलं,
कंपनीनं निरोपाला दिलेलं.
भिशीच्या बायकांची यादी दिसायला
अकरा मिनिटं, वीस सेकंद.

उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथ चालवला.
मशीन कुरकुरायला लागलं
तर आधी शिव्या द्यायच्या नाहीत,
आधी कान द्यायचा.
टेबलाखाली वाकलो.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पत्र्याला टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला.
शालन दारातनं: "डॉक्टर, पेशंट जगंल का?"

आत कुणीतरी अंधारात खडे निवडत होतं.
कट्. कट्. जरा थांबून
परत कट्.

रोहिणीला फोन लावला, हिंजवडीला.
"पप्पा, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. तिन्ही एकदम."
माझी बोटं जाड. तिसऱ्या खेपेला जमलं.
"आता स्टार्टअप लिहिलंय तिथं जावा. काय काय दिसतंय, वाचा."
मी हजेरी घेतल्यासारखा वाचत गेलो.
तिच्या सीईटीच्या वर्षीचा प्रश्नसंच.
एका मोबाइलचं काहीतरी, तो मोबाइल रंकाळ्यात पडलेला.
मराठी टायपिंगचं, तिच्या लग्नपत्रिकेच्या वेळचं.
प्रिंटर भंगारात देऊन चार वर्षं झाली,
तरी शाई बघायला रोज सकाळी उठणारं एक.
आणि दोन अँटीव्हायरस,
एकमेकांना चोर समजणारे दोन वॉचमन.

"बंद करा. सगळी."
"प्रश्नसंच पण?"
ती थोडी थांबली.
"पप्पा, काढून नाही टाकायचं.
उठवायचं नाही, एवढंच."

सात मिनिटांवर आलं.
पण कट् कट् तशीच.

राजारामपुरीत मुजावरचं दुकान. बाप वारला,
आता धाकटा पोरगा बसतो, इम्तियाज.
मी म्हटलं, "आत टूल जागेवर बसत नाही रे.
पुढं येतंय, चुकतंय, मागं जातंय,
परत पहिल्यापासनं."
तो हसला. मग कान लावला.
मग हसला नाही. "काका, तेच. हेड."

नवी डिस्क पत्त्यांच्या कॅटएवढी, त्याहून पातळ.
"ह्यात काय फिरत नाही," तो म्हणाला.
ज्यात काही फिरत नाही त्याला मशीन म्हणायला
मला दोन दिवस लागले.
जुन्यातलं सगळं निघालं, एक फोल्डर सोडून.
त्यात काय होतं
ते आम्हा तिघांनाही आठवेना.

आता अठरा सेकंद.
शालनला चष्मा सापडायच्या आत
भिशी उघडून बसलेली असते.
"लईच घाई झालीय मेल्याला," ती म्हणते,
आणि पीठ हाताला तसंच ठेवून येते.

जुनी डिस्क मी पिशवीतनं घरी आणली.
सहा पाकळ्यांचे बारीक स्क्रू. तसा पाना नव्हता,
जुनी ॲलन-की घासून केला.
झाकण निघालं. आत एक चकती.

साहेब लोक कधीकधी परदेशी जॉब आणून दाखवायचे,
म्हणायचे, असं फिनिश पाहिजे.
आम्ही मान हलवायचो आणि
मनातल्या मनात हात जोडायचो.
हे त्याच्याही पुढचं.
अंगठा लावायचा धीर झाला नाही.

कडेनं धरून खिडकीशी नेली.
तिच्यात छताचा पंखा दिसला,
मग शालन, मनगटानं केस मागं सारणारी.
"काय बघताय एवढं?"
"ओरखडा."

होता. आतल्या अंगाला, गोल, केसाएवढा.
इथंच ती सुई रोज सकाळी
अडखळत होती, मागं जात होती,
आणि आम्ही बाहेर
चहा पीत बसलेलो.