माया

जिंतूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं
पायानं मशीन चालवली.
पण दुपटं हातानंच शिवायचं असतं
असं केवळाबाई म्हणाल्या.
विहीणबाई आहेत, ऐकावं लागतं.

खाली हिचं जुनेर अंथरलं. जांभळं इरकल,
सहा वर्षं ट्रंकेत होतं,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं.
वर गिऱ्हाइकांची कापडं, कुणी न्यायलाच न आलेली:
सोपानच्या लग्नाच्या सफारीतला तुकडा,
मास्तरीणबाईंचा ब्लाउजपीस,
शाळेचा निळा, पोलिसाचा खाकी.
खाकी काढला. टोचेल.

टाका वाकडा जातो.
अर्ध्या तालुक्याच्या तुमानी बेतल्या मी,
आणि साध्या धावदोऱ्यात चुकतो.
बोटात अंगुस्तान आहे, तरी सुई वाट काढते.

लेक फोनवर विचारते, "दादा, माप पाठवू का?"
कशाचं माप!
परवा जन्मली. अजून मूठ सोडत नाही.

जन्मभर आया सांगत आल्या,
मुंजाभाऊ, लेकरू वाढतंय, आत माया ठेवा.
ठेवली. शिवणीत दोन बोटं, दुमडीत चार.
वर्षा-दोन वर्षांनी उसवायची, खाली सोडायची,
जुन्या घडीची रेघ तेवढी राहायची.

गोधडीला कुठली शिवण, कुठली दुमड.
ठेवू कुठं?

केवळाबाई चष्म्यावरून बघतात.
"अहो, केवढं हे! पाळण्यात मावायचं नाही."

घड्या घाला म्हटलं.