मोठ्या टाइपातला 'के'

गोल्पे.
स्पॅनिशमध्ये पाच अक्षरं, लाकडी, वितीएवढी उंच.
बाबा ती खणात परत टाकतच नसत.
सुतळीनं बांधून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत,
सरपणाची मोळी ठेवावी तशी.
"लागणारच पुन्हा," म्हणत, "हात कशाला झिजवायचा?"

गोल्पे म्हणजे टोला. रट्टा.
दारावर अपरात्री पडते ती थापसुद्धा.
मी अकरा वर्षांची होईतो
ती मोळी सात वेळा सुटली.

दर वेळी नवा कॅप्टन यायचा.
बूट नवे, वाक्य जुनं :
हा शब्द नको.
'राष्ट्रीय पुनर्रचना' असं छापा.
बाबा चष्मा पुसत सांगायचे,
"साहेब, त्यात एन चार लागतात.
मोठ्या टाइपात आमच्याकडे दोनच आहेत."
कॅप्टन बोटांवर मोजायचा. खरंच चार.
एकदा त्यांनी छावणीतून एनची पेटी पाठवली,
वेगळ्या वळणाची.
महिनाभर आमच्या पेपराचं कपाळ
कुणा दुसऱ्याच घरातलं वाटायचं.

आई, साटुर्निना, चढावरच्या बाजारात
जांभळ्या मक्याची गरम आपी विकायची.
वाचता येत नव्हतं तिला.
एलॉय, आमचा शिकाऊ, धावत जाऊन बातमी सांगायचा,
ती ढवळतच म्हणायची,
"पळी बदलली. पातेलं?"

मग ती थंडी आली,
जिच्यात चुन्योसुद्धा नीट गोठले नाहीत.
रात्रीतून बायकांनी रस्त्यावर दगड मांडले,
आधी वरच्या वळणावर, मग खालच्या,
मग आमच्या दाराशी.
शहरात ना पीठ, ना रॉकेल.
खाणकामगारांच्या सुरुंगांनी
खिळे जुळवायच्या टेबलावरची अक्षरं थरथरायची.

बाबा मोळीकडे वळले आणि थांबले.
"हा टोला नाही," म्हणाले. "टोला वरून पडतो."

'रेव्हुएल्ता'? एलॉय हसला,
अंडी फेटतात त्यालाही तेच.
'लेव्हान्तामिएन्तो', म्हणजे उठाव?
"मी रोज चारला उठते," आई म्हणाली,
"कुणी छापलं का कधी?"

मग आमच्या बोलीतला शब्द
तिनंच काढला, पदराच्या गाठीतून पैसे काढावेत तसा :
पाचाकुती.
पाचा म्हणजे माती. पाचा म्हणजे काळही.
कुती म्हणजे पालटणं, आणि फिरून येणं.
बटाट्याच्या रानात ढेकूळ पालथं घालतात,
खालची काळी, ओली बाजू
पहिल्यांदाच ऊन बघते, दिपते,
किडे सैरावैरा पळतात.
"किड्यांनाही विचार," आई म्हणाली,
"त्यांच्याकडे वेगळा शब्द असेल."

बाबांनी खण उपसले.
पी होता, दोन ए होते, एच होता,
पण के नाही.
किलो आणि किऑस्कसाठी कोण कोरून ठेवतो
वितीएवढा के?

आईनं टोपलीतला सगळ्यात मोठा बटाटा
मधोमध चिरला.
बाबांनी चाकूच्या टोकानं उलटा के कोरला,
शाई लावली, दाबला.
ओलसर, कडेला फुगलेला, जरा डावीकडे कललेला.
साठेक प्रतींनी तो मऊ पडायचा,
मग दुसरा बटाटा.
त्या रात्री सहा के लागले.

नंतर काय झालं ते सांगत नाही.
थोडं जिंकलो. थोडं पुरलं.
दगड उचलले, काही घरांच्या पायात गेले.

तिसऱ्या दिवशी कॅप्टन आला, हा तरुण होता,
ओठ थंडीनं फुटलेले.
मोठा के कुणी दिला?
प्रत्येक खण जमिनीवर ओतला,
शिशाचे खिळे टाचांखाली करकरले.
के नव्हता.
फर्मिन चुकिमिया नावाचा जुळारी
भिंतीला पाठ लावून, हात वर, शाईची नखं.

चुलीवर रस्सा होता.
आईनं शाईची बाजू कापून
सहाही त्यातच टाकले होते.
दारातून आत येणाऱ्याला उपाशी धाडायचं नाही,
म्हणून तिनं त्यालाही वाडगा दिला.
तो उभ्यानंच खात राहिला,
तळ दिसेपर्यंत.

मीठ कमी आहे, म्हणाला.