टाच

चाळीस जण, चाळीस एकसारख्या निळ्या टोप्या,
इन्व्हरकार्गिलच्या बाहेर, खाडीच्या काठावर,
जुलैतल्या त्या एका शुक्रवारी
ज्या दिवशी कंपनी आम्हाला पगारी श्रमदानाला सोडते.

लिनेटने भाषण केलं. वारा असा की
आम्हाला ऐकू आलं फक्त 'समाज',
आणि बऱ्याच वेळाने 'सँडविच'.
फर्गसने फावडं खांद्यावर घेऊन फोटो काढून घेतला,
मग दुसरा, टोपीवरचं नाव नीट दिसावं म्हणून.
मग खड्डे. फ्लॅक्स, मानुका, कोवाई.
साडेतीन तासांत हजार रोपं.
आम्ही विमावाले. आकडा पुरा करणं आम्हाला जमतं.

ऑफिसात परतल्यावर कळलं, थर्मास राहिला.
वडिलांचा, बुडाशी पोचा आलेला.
गाडी काढून उलटा आलो तेव्हा चार वाजत आले होते
आणि काठावर एक बाई गुडघ्यांवर बसून
आमची रोपं उपटत होती.

आधी रागच आला.

मेरेआना. रोपवाटिका तिचीच.
सकाळी टेबलामागे उभी राहून हातमोजे वाटत होती,
मी वर न बघता थँक्स म्हटलं होतं.
"हे बघ," म्हणाली, आणि एक कोवाई उचलून धरली.
मुळांना काळी प्लास्टिकची कुंडी तशीच.
"अशी एकवीस निघाली. कुणीतरी फार घाईत होतं."
ती ओळ माझी होती.
मी काठावरच्या बदकांकडे बघितलं.

तिने कुंडी कापली, मुळं बोटांनी मोकळी केली,
गुंतलेल्या केसांतून फणी काढावी तशी, टोकापासून, ओढ न लावता.
माती लोटली. उठली. टाच दिली, दोनदा.
"नाहीतर रात्रीतून वारा हलवतो.
हललेलं मूळ धरत नाही."

दर वर्षी करता हे?
"तुम्ही शुक्रवारी लावता. मी शनिवार-रविवारी लावते."
मग सांगत का नाही कुणाला?
"रोपांचे पैसे तुम्ही देता ना."

मी पुढची ओळ घेतली.
पाचनंतर दिसेना, तेव्हा गाडी वळवून
दिवे काठाकडे लावले. आमच्या सावल्या
पाण्यावर लांबच लांब, कामसू दिसत होत्या.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, घर कुठे तुमचं?
तिने खुरप्याने दाखवलं: बांधापलीकडे, तिसरं छप्पर.
रस्त्याचं नाव सांगितलं.

ते नाव मला पाठ होतं.
फेब्रुवारीत अकरा घरांची यादी टेबलावर आली होती,
सोबत पुराचा नवा नकाशा, त्यावर फिकट जांभळा डाग,
आणि मी अकरा पत्रं छापली होती:
आपल्या पॉलिसीचं नूतनीकरण होऊ शकणार नाही.
इतक्या वर्षांच्या विश्वासाबद्दल आभारी आहोत.

"तुमच्याकडेच होता विमा," ती म्हणाली, मी न विचारता.
"पस्तीस वर्षं. पत्र आलं.
खालची सही काही लागली नाही."

माझी सही कुणालाच लागत नाही.
बायको म्हणते, कोंबडीने पाय झाडल्यासारखी.
"माझी होती," मी म्हटलं.

गाडीचं इंजिन घुरघुरत होतं.
तिने माझ्या पायांकडे बघितलं.
"बूट बरे आहेत तुझे. टाच रुंद आहे."
आणि पुढचं रोप माझ्याकडे सरकवलं.

नंतर एकदाच विचारलं मी:
ही झाडं वाढली तर पाणी अडेल?
"थोडं," ती म्हणाली. "वीस वर्षांनी."

सोमवारी फॉर्म आला. स्वयंसेवेचे तास.
चाळीस गुणिले चार, एकशे साठ, आपोआप भरलेले.
माझ्या रकान्यात मी सात केले.
खाली एक नाव वाढवायला गेलो
तर लाल अक्षरांत आलं: कर्मचारी क्रमांक आवश्यक.
तीनदा टाकलं, तीनदा तेच.
लिनेट मागून म्हणाली, फोटो छान आलेत, बघितलेस?

बघितले. त्यांत कुठेच ती नाही.
एकात, टेबलाच्या कडेला, हातमोज्यांचा ढीग
आणि शेजारी माझा थर्मास.

तो तिथेच आहे अजून. मी दुसऱ्यांदा विसरलो.