दोनदा

थंडर बे, जानेवारी, उणे एकतीस.
आधी नाकातले केस गोठतात, मग विचार.
ओर्वो निस्कानेननं गाडी शेडमध्ये घातली तेव्हा
शेजारी एक नवा पिकअप उभा होता.
तसला मी पाऊण तासात उरकतो:
एक प्लग, एक कोड, बिल.

ही अडुसष्टची व्हॅलिअंट.
हिच्यात कॉम्प्युटर नाही, मग विचारायचं कुणाला?
डॅशखाली उताणा पडून चाचपत गेलो.
छप्पन्न हिवाळ्यांची धूळ,
केसांची एक पिन,
धान्याच्या कोठारातलं हजेरीचं जुनं कार्ड,
त्यावर निस्कानेन, रात्रपाळी.

‘अलार्म कशाला? चावी तर तुम्ही
सनवायझरमागेच ठेवता.’
‘पोरीचा हट्ट. व्हँकुव्हरहून पैसे धाडलेत.
दोन्ही एकदम घेतलं की स्वस्त पडतं म्हणे.’
मग तो गप्प. चांगला पाच-सहा वायरी गप्प.
‘मंगळवार, गुरुवार, शनिवार,’ म्हणाला.
‘सकाळी सहाला डायलिसिस.
हिल्काला गार सीट सोसत नाही.
आणि माझ्या खुब्यात आता स्टील आहे.’
पायऱ्यांवरच्या बर्फाचं त्यानं नाव काढलं नाही.

तपकिरी वायर विसरलं तर
ही जात फक्त फिरते, पेटत नाही,
हे मला ठाऊक होतं. तपकिरी जोडली.
कॉइलवरून एक तार काढली, इंजिन लागलं
हे डब्याला कळावं म्हणून.
बॉनेटखाली बटण, दारांत बटणं, सायरन.
रात्रभर गाडी बाहेर ठेवली
आणि सकाळी ऐटीत रिमोट दाबला.
घर्र घर्र घर्र.
पुन्हा दाबला.
म्हाताऱ्याला कफ सुटत नाही तसं.

ओर्वो कॉफीचा मग धरून बघत होता.
‘तिला आधी दोनदा दाबावं लागतं,’ म्हणाला.
‘पेडल. एकदा दाबलं तर रुसते,
तीनदा दाबलं तर पेट्रोल पिऊन बसते.
दोनदा. सावकाश.
हे तू कुठल्या डब्यात घालणार?’

घातलं.
भंगारातल्या एका शेव्हीच्या दाराची
कुलूप लावणारी चिमुकली मोटर
कार्ब्युरेटरच्या दांडीला बांधली.
आता ती खेचते, थांबते, खेचते,
मगच स्टार्टर.
साठ डॉलरची मोटर, आणि तिला शिकवायला
माझे दोन दिवस. तेवढे बिलात लावले नाहीत.

बुधवारी रात्री गॅरेजच्या छपरावरचा बर्फ घसरला
आणि सायरननं अख्खी गल्ली उठवली.
चोर म्हणून कुणाला संशय यावा असं
तिथं कुणीच नव्हतं.
ओर्वोनं सकाळ व्हायची वाट न बघता
चार घरी वेलदोड्याचा पाव पोचवला
आणि पाचला मला फोन केला:
‘हिचे कान जरा कमी कर.’

साडेपाचला मी त्यांच्या स्वयंपाकघरात.
सेन्सरचा स्क्रू पाव वळसा मागे फिरवून आलो होतो,
बोटं अजून माझी नव्हती.
हिल्का कोट घालून टेबलाशी बसलेली,
पर्स मांडीवर, हात पर्सवर.
‘तारास, कॉफी घे,’ एवढंच बोलली.

ओर्वो खिडकीपाशी गेला.
हातात रिमोट, पायांत लोकरी मोजे.
आणि उजवा पाय त्यानं
लिनोलियमवर दाबला.
सोडला.
दाबला.
मगच बटण.

बाहेर दिवे एकदा मिचकावले,
धुराचा एक पांढरा लोट, खोकला,
आणि मग तो सहा सिलिंडरांचा संथ आवाज.
‘लागली?’ हिल्कानं विचारलं.
‘लागली.’

मी हसू लपवायला मग वर केला.
पाय दाबल्याचं त्याला माहीतच नव्हतं बहुधा,
किंवा होतं आणि माझ्या मोटरवर
त्याचा अजून पुरता विश्वास नव्हता.

तेवढ्यात तो बूट चढवू लागला.
इंजिनच्या हीटरची नारिंगी वायर
भिंतीतून काढायची होती.
तिला रिमोट नसतो.
‘मी जातो,’ म्हणालो.
तो आधीच पहिल्या पायरीवर होता,
कठडा धरून, खाली बघत.