पायमोडका न्

रात्री बाराला माझी पाळी सुरू होते.
बर्फ हटवायचं यंत्र, पिवळा दिवा, किनाऱ्याचा रस्ता,
आओमोरीच्या या टोकाला तीन-चार महिने हेच.
त्या संध्याकाळी कोझुए तापली होती.
दुपारीच दवाखान्यात नाकात काडी फिरवून सांगितलं, फ्लू,
निम्मा वर्ग आडवा आहे, पाणी पाजा, झोपू द्या.

उशाशी बसून आम्ही शब्दांच्या भेंड्या खेळत होतो.
रिंगो, सफरचंद. गोरिरा, म्हणजे गोरिलाच.
राप्पा, तुतारी.
'पा' तिच्यावर आला
आणि माझ्या खांद्यामागे बघत ती म्हणाली,
"काकू, फ्रिजवर घोडा का बसलाय?"

मी हसलो.
नंतर सगळ्यांनी विचारलं, पहिलं लक्षण कधी दिसलं.
तेव्हा. मला ती काकू म्हणाली, मी हसलो
आणि बूट शोधायला उठलो.

दीड वाजता मिसाओचा फोन:
स्वतःची बोटं चावतेय, म्हणते गाजर आहे.
मग फोनमध्ये नुसता पलंग,
खट् खट् खट्,
आणि मिसाओ आकडे म्हणत होती,
कुणी विचारलं तर सांगायला, किती मिनिटं.

रुग्णवाहिका दारापर्यंत आली, पुढे रस्ताच नव्हता.
म्हणून मी पुढे, ती मागे.
सव्वीस किलोमीटर. माझं यंत्र तिशीच्या वर जात नाही.
आरशात लाल दिवा. सारखा.
आयुष्यात मी इतका नीट रस्ता कधी काढला नाही
आणि इतका सावकाश.

डॉक्टर मुराओकांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं.
"विषाणू श्वासाच्या वाटेत आहे.
पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सापडला नाही."
मग मेंदू का सुजला?
"त्याला हाकलायला शरीर उठलं. थांबायचं विसरलं."
मला कळलं नसेल असं वाटून
त्यांनी तेच पुन्हा, सोपं करून सांगितलं.

पण मी बावीस वर्षं रस्ते मोकळे करतोय.
मोकळ्या रस्त्यावरचा बर्फ जातो कुठे?
कडेला. कुणाच्या तरी दारावर.
म्हाताऱ्या ओनोदेराबाई रोज सकाळी आतून दार ढकलतात,
सरकत नाही,
खिडकीतून मला शिव्या घालतात.
मी तर माझं कामच केलेलं असतं.

अकरा दिवस कोझुए नळ्यांमध्ये.
बाहेर उणे नऊ, आणि आत तिला
गार पाण्याचं पांघरूण.
मिसाओ तिच्या पायाची बोटं हातात धरून बसायची,
तेवढीच कुणाच्या कामात येत नव्हती.

मग डोळे उघडले. नुसतेच उघडले.
मार्चमध्ये चमचा ओळखीचा झाला.
डावा हात उशिरा परतला, उनाड मुलासारखा, मान खाली घालून.
शब्द नाही.
बाजूच्या खाटेवरचा मुलगा चालत घरी गेला.
त्याच्या पलीकडची मुलगी गेली नाही.
तिची आई घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडायची.

एप्रिलमध्ये एका सकाळी नर्सने ताट ठेवलं.
कोझुएने पावाकडे बघितलं,
मग माझ्याकडे, बराच वेळ,
जणू मीच अडवून धरलं होतं इतके दिवस.
"पान्."

पान् म्हणजे पाव.
राप्पा, पान्.
तिला भूक लागली होती की तिची पाळी आठवली होती,
डॉक्टर म्हणतात, ठरवता येणार नाही.

आमच्या खेळात पायमोडक्या न् वर शब्द संपवणारा हरतो,
कारण त्या न् पासून पुढे
आमच्या भाषेत एकही शब्द सुरू होत नाही.
मी तिला हरलीस म्हणालो नाही.
अजूनही ती मला कधी कधी काकू म्हणते.
यंदा मी ओनोदेराबाईंच्या दाराशी यंत्र थांबवतो,
फावडं घेऊन उतरतो.
आणि घरी, उशाशी,
डाव माझ्यावर आहे.
न्.
मी शोधतोय.