उसनवारी

आधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं.
तेल कोमट झालं की सैल पडतं, गाळासकट उतरतं,
असं पुस्तिका म्हणते.
पुस्तिका अजून तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत होती,
नऊ वर्षं, घडी न मोडलेली.

मग बंद. प्लगची टोपी ओढून काढली,
जरा जास्तच जोरात.
ऑक्टोबर. इन्व्हरकार्गिलला वसंत येतो तो
दक्षिणेकडून मूठभर गारा घेऊन,
शेडच्या पत्र्यावर भिरकावतो आणि पळून जातो.

शेजारचं घर मे महिन्यात विकलं गेलं.
आर्ची मक्रॉस्टीला मुलीनं डनीडिनला नेलं,
जिथे गवत कापायला कंत्राटी माणसं येतात
आणि म्हाताऱ्यांनी काचेतून बघायचं असतं.

नऊ उन्हाळे तो माझा मॉवर नेत होता.
शनिवारी सकाळी, कुंपणाच्या फटीतून:
"नोएलीन, तासाभरासाठी."
त्याचा तास सोमवारपर्यंत चाले.
मी बहिणीला फोनवर म्हणायची,
स्वतःचा घ्यायला काय धाड भरलीय याला,
पेन्शन काय थडग्यात नेणार?
पेट्रोल भरून द्यायचा, पण नेलं तेवढंच,
थेंब इकडे नाही की तिकडे नाही.
त्याचाही मला राग.

आणि मॉवरचं कौतुक मीच मिरवायची.
"पहिल्या ओढीला सुरू! जुनी बनावट,
हिला काही म्हणजे काही लागत नाही."

गेल्या आठवड्यात दोरी ओढून खांदा उतरायची वेळ आली.
भाच्यानं विचारलं, तेल शेवटचं कधी बदललंस?
तेल? मी म्हटलं.

कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवून
मॉवर कुशीवर कलता केला,
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात धार सुटली,
काळी, काकवीसारखी, घाई नसलेली.
गुडघ्यांवर बसून वाट बघत होते, म्हणून दिसलं:
हँडलच्या खालच्या अंगाला,
जिथे उभ्या माणसाची नजर जात नाही,
रंगावर खिळ्यानं ओरखडलेल्या तारखा.
एकाखाली एक ऑक्टोबर.
एका वर्षी दोनदा,
ज्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं
आणि माझं गवत कोण कापतंय
हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.
शेवटच्या तारखेचे आकडे हललेले,
दोनाची शेपटी भलतीकडेच.

डबा भरत होता.
मी नुसती बसून.
मला वाटायचं, काहीतरी काळंबेरं आहे
त्या शनिवार ते सोमवारमध्ये.
होतंच. दरवर्षी तो ते
गुपचूप बाहेर काढत होता.

नवं तेल फिक्या चहासारखं.
थोडं ओत, थांब, काडी पूस, बुडव, बघ.
शीग चढवायची नाही, खुणेशी थांबायचं.
जुनं मी दुधाच्या बाटलीत भरलं, उद्या डेपोत देईन.
हात तसेच, फोनला काळे डाग.

डनीडिनला घंटा बराच वेळ वाजली.
"आर्ची, मी नोएलीन. तेल बदललं."
आभार कसे मानायचे ते जुळवून ठेवलं होतं.
तो म्हणाला, "किती घातलंस?"
"सहाशे."
"जास्त झालं. तुझ्या कपड्यांच्या दोरीपाशी चढ आहे,
तिथे तेल फिल्टरात चढतं. थोडं कमी कर."
मागे कुणीतरी जेवायला हाका मारत होतं.
"आणि काम झालं की आणून ठेव हं, नोएलीन.
शनिवारी मला लागणार आहे तो."

मी हातातल्या काडीकडे बघितलं.
खुणेच्या वर, केसभर.

"हो," म्हटलं, "सोमवारच्या आत."