दर दोन तासांनी

कोल्हापुरात बर्फ मिळतो
शिरोलीच्या कारखान्यात, भुश्यात गुंडाळलेला,
नाहीतर रंकाळ्यावर, गोळ्याच्या काडीला.
म्हणून सीपीआरला बघायला आलेलं प्रत्येक माणूस विचारायचं,
बर्फात काय करायला गेलतीस गं?
आई पेरू कापत राहायची.

औलीत, तिसऱ्या लाल निशाणापाशी
डावी स्की रुतली. उजवी थांबली नाही.
आवाज मीच ऐकला,
बाभळीचं वाळकं फाटं मोडावं तसा.
मग आभाळ. फारच निळं.
पाय गार पडलेत असं वाटलं.
बर्फच आहे, म्हटलं, पडणारच गार.

जिनगोंडा मगदूम आला बाविसाव्या दिवशी.
शिरोळचा. खुर्ची स्वतःच ढकलत,
मांडीवर स्टीलचा डबा, कान चेमटलेले,
मानेला अजून तालमीची जाडी.
जत्रेतल्या निकाली कुस्तीत मणका गेला,
त्याला अकरा वर्षं झाली.
बरी होशील, असं म्हणाला नाही.
जिद्द हा शब्द काढला नाही.
आईला म्हणाला, काकी, जरा चहा आणता का खालनं,
आणि ती गेल्यावर,
लघवीचं काय करतीस?

मी भिंतीकडं तोंड केलं.
म्हणजे मान केली. बाकीची मी होते तिथंच.
तुम्हाला काय कळणार, म्हणाले,
चार हात मातीत आयुष्य गेलं तुमचं,
वेग म्हणजे काय तुम्हाला माहीत नाही.
न्हाई माहीत, म्हणाला,
आणि डबा उघडून भडंग खात बसला.
कांदा नाही त्यात, आम्ही खात न्हाई. घे.

जाताना एवढंच बोलला:
पैलवानाला एकच गोष्ट शिकवत्यात,
पाठ टेकू द्यायची न्हाई.
दर दोन तासांनी कूस बदल.
जखम झाली की चीत झालीस बघ.
गजर लाव. मी पण लावतोय.

रात्री दोनला मिस्ड कॉल.
चारला परत.
मी शिव्या देत कठडा धरायचे,
आई उशी सरकवायची,
आणि तिकडं कृष्णेच्या काठाला, अंधारात,
एक भलं मोठं शरीर
माझ्याबरोबर कुशीवर वळायचं.

घरी आले तशी शनिवारी त्याच्या जुन्या तालमीत नेऊ लागला.
दोन पायऱ्यांवर फळी टाकलेली, तीही हलणारी.
गडहिंग्लजचा गोलकीपर, डाव्या गुडघ्याखाली काही नाही.
कबड्डीची सुलोचना, जिला एका बाजूची नावं आठवत नाहीत,
म्हणजे डावीकडं बसलेल्यांची, असं ती म्हणते; आम्ही हसतो.
बोलणं टायरच्या पंक्चरचं,
दाखल्याच्या रांगेचं,
कुणी आपले बूट विकले, किती आले, त्याचं.
गोलकीपरनं विकले नाहीत. दोन्ही पॉलिश करतो.
हौद्यात पोरं घुमत असतात.
हळद आणि ताकाचा वास माती सोडत नाही.
कधीकधी जिनगोंडा गप्प होतो,
एखाद्या पोराचा पट चुकतो तेव्हा त्याच्या खांद्यात काहीतरी हलतं,
आणि आम्ही कुणीच त्याच्याकडं बघत नाही.

परवा फोन आला.
इचलकरंजीचं पोरगं हाय, गुलमर्गला पडलंय, फळीवरनं.
माझ्यासंगट बोलंना. तुमच्या बर्फातला हाय.
तू जा.
मी काय सांगू त्याला?
काय न्हाई. डबा ने.

तोच वॉर्ड. खिडकी वेगळी.
बापाच्या शर्टाला मागावरचे सुताचे तुकडे चिकटलेले.
पोरगं एकोणीस वर्षांचं, ओजस नाव,
गालावर उन्हाचा काळा पट्टा, चष्म्याची जागा तेवढी गोरी.
माझीही होती तशी. उन्हाळाभर होती.

परत जाता येतं का वर? त्यानं विचारलं.
बसून जातात, म्हणाले. एका स्कीवर आसन असतं.
तुम्ही गेला?
नाही अजून.
का?
भीती वाटते.

यावर तो पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत राहिला.
मी त्याच्या बापाला म्हणाले, काका, जरा चहा आणता का खालनं.
पावलं जिन्यात उतरेपर्यंत थांबले.
मग विचारलं.

त्यानं भिंतीकडं मान फिरवली.
मी डबा उघडला.